एकशे आठवी जोडी

तुम्हाला माहीत होतं.

निशिगंधा सरोदेचा उजवा हात मरायला लागलाय हे तिच्या आईच्या आधी, तिच्या कोचच्या आधी, खुद्द तिच्या आधी तुम्हाला कळलं होतं. नुसतं कळलं नव्हतं, तारीख-वेळेसकट लिहून ठेवलेलं होतं. आणि ते कळल्यावर तुम्ही काय केलंत, तर परतवाड्याच्या मैदानावरचं गवत आणखी आखूड कापायचा हुकूम काढलात.

गवताचा आणि हाताचा संबंध काय, हे तुम्ही चांगलं जाणता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगणं भाग आहे.

उन्हाळे असे झाले होते की दिवसभराचं क्रिकेट कुणाच्याने होईना. सकाळी साडेपाचला सुरू होऊन ऊन चढायच्या आत संपणारा खेळ हवा होता, आणि बेसबॉल विदर्भातल्या शाळा-कॉलेजांत आधीपासून होताच. मुलींची लीग निघाली, ती चालवणारे तुम्ही. आठ गावांचे आठ संघ झाले. त्यात मेळघाटाच्या पायथ्याचं परतवाडा घुसलं, आणि परतवाड्याच्या संघात घुसली कमल सरोदे या आशा सेविकेची मुलगी निशिगंधा. ती पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारी.

या खेळात तिघी बाद झाल्या की त्या संघाची पाळी संपते. समजा एक बॅटर पळत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, पोचलीय आणि दुसरीने मारलेला चेंडू जमिनीवरून सरपटत आला. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभी असलेली मुलगी तो उचलते, दुसऱ्या बेसवर फेकते, तिथून तो पहिल्या बेसवर जातो, पळणाऱ्या पोरी पोचायच्या आत, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत एका चेंडूत दोघी बाद. पुस्तकात याला डबल प्ले म्हणतात, परतवाड्यात ‘जोडी’. चेंडू उचलणारीचं कौतुक होतंच, पण जोडी काढते खरी पिचर. चेंडू शेवटच्या क्षणी खाली गेला पाहिजे, म्हणजे बॅट त्याच्या डोक्यावर बसते आणि तो हवेत न उडता जमिनीवर आपटतो.

शॉर्टस्टॉपला मेहजबीन असायची. शाळेपासून दोघी एकत्र. ती निशिगंधाला ऐकवायची, “नाव तुझं होते अन् गुडघे माहे फुटते.”

पहिल्या मोसमात निशिगंधाने सात जोड्या काढल्या. दुसऱ्यात नऊ. तिसऱ्यात आठ. वाईट नाही, पण कुणी पेपरात छापावं असंही नाही. चौथ्या मोसमात, मार्चच्या आसपास, तिचा चेंडू अचानक खाली जायला लागला. तिने वेगळं काही केलं नव्हतं. तीच पकड, तोच हात. चेंडू मात्र बॅटपाशी आला की पायरी चुकल्यासारखा खाली जायचा. त्या मोसमात एकोणीस झाल्या. पाचव्यात एकतीस.

संघाचे कोच गुल्हाने सर. आखाड्यातून आलेला माणूस, आणि त्यांचा एक दंडक होता : चालत्या हाताला हात लावायचा नाही. ज्या हाताने यश येतंय त्याला तेल नाही, मालीश नाही, पट्टी नाही. संघाच्या फिजिओने एकदा निशिगंधाचा पंजा तपासायला घेतला तर सरांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. “बाप्पा, चालू घड्याळ कोणी उघडून पाहते का?” तेव्हापासून लोक हार घेऊन आले तरी निशिगंधा डावा हात पुढे करायची. पोरी हसायच्या. तीही हसायची.

पाचव्या मोसमात तिला जर्सीचं वरचं बटण लागेना. मेहजबीन लावून द्यायची, वर विचारायची की आता जेवण पण भरवू का महाराणीले. स्कूटीची किल्ली फिरवायला दोन हात लागायला लागले. निशिगंधाने ते आईला सांगितलं नाही, पण आईने पाहिलं.

कमलताईंनी वीस वर्षं घरोघर जाऊन कुष्ठरोगाच्या पाहण्या केल्या होत्या. अंगठ्याजवळचं मांस उतरलेला पंजा त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता. पोरीच्या पंजाला तसाच खड्डा पडताना त्यांना दिसला. एका दुपारी निशिगंधा झोपली असताना त्यांनी दार लावलं, कापसाची बारीक वात केली आणि तिच्या बोटांवरून, तळव्यावरून, मनगटावरून हलकेच फिरवली. बोट आखडलं. दुसरं आखडलं. झोपेत तिने हात झटकला. सगळीकडे संवेदना शाबूत होती. बधिर नाही म्हणजे तो रोग नाही. कमलताईंनी देवापुढे साखर ठेवली आणि विषय मनातून काढून टाकला.

ज्या बाईला हाताबद्दल काहीच ठाऊक नसतं तिने पोरीला डॉक्टरकडे नेलं असतं. कमलताईंना अर्धं ठाऊक होतं, म्हणून त्या थांबल्या. कारण दुसरा एक आजार असा आहे की तो संवेदनेला हातच लावत नाही. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसाच तेवढ्या मारतो. मोटर न्यूरॉनचा आजार. माणसाला सगळं जाणवतं, हलवता मात्र काही येत नाही.

आणि हा आजार तुमच्या चेंडूला दिसत होता.

लीगच्या प्रत्येक चेंडूच्या गाभ्यात मुगाच्या दाण्याएवढी एक चकती असते. तो किती वेगाने, कुठल्या बाजूला, कसा फिरतो ते ती सेकंदाला हजार वेळा टिपते. पिचरने टाकलेला चेंडू उलटा फिरत जातो तेव्हा हवा त्याला आधार देते. फिरणं जितकं जास्त तितका तो तरंगतो. बोटांचा जोर कमी झाला की फिरणं घटतं, आधार सुटतो आणि शेवटच्या दहा फुटांत चेंडू चार बोटं खाली उतरतो. निशिगंधाची जादू म्हणतात ती एवढीच. खांदा आणि पाय शाबूत, म्हणून वेग तोच. तर्जनी मरत चाललेली, म्हणून फिरकी कमी.

हा आजार पंजाचे स्नायू सारखे खात नाही. अंगठ्याची आणि तर्जनीची बाजू आधी खातो, करंगळीची मागे ठेवतो. डॉक्टरच्या डोळ्याला हा फरक दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं. चेंडूला तो पहिल्या महिन्यात दिसतो, कारण चेंडू रोज शंभर वेळा त्याच बोटांतून सुटत असतो. चकतीचे आकडे वाचणाऱ्या तुमच्या यंत्राला कुणी रोग शोधायला सांगितलं नव्हतं. दुखापतींचा अंदाज बांधायला सांगितलं होतं, त्यात त्याने हे शोधलं. चांगलंच झालं होतं. त्या आजारावर आता औषध आहे. पाठीच्या कण्यात द्यायचं. पहिल्या खुणेपासून दोन वर्षांच्या आत दिलं तर आजार जिथे असेल तिथे थांबतो. गेलेलं परत येत नाही, पण राहिलेलं राहतं. दोन वर्षं उलटली की उपयोग शून्य.

पाचवा मोसम संपताना मेहजबीनचा गुडघा खरोखरच फुटला. खेळ सुटला. तुम्ही तिला नागपूरला लीगच्या नोंद विभागात नोकरी दिलीत, तेव्हा परतवाड्यात तुमचं नाव निघालं की लोक हात जोडत.

सहावा मोसम सुरू झाला. वीस जानेवारीला मेहजबीन जुन्या नोंदी जुळवत बसली होती. निशिगंधाच्या जोड्यांचा तक्ता तिने सहज उघडला, आपण उचललेले चेंडू आठवायला म्हणून. सात, नऊ, आठ, एकोणीस, एकतीस. त्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना होता, जो खेळाडूंना दिसत नाही. चौथ्या मोसमातल्या अकरा मार्चपासून त्यात आकडे भरलेले. पंजाच्या स्नायूंचा असमतोल, आजाराची शक्यता एक्क्याऐंशी टक्के. मग एक्क्याण्णव. मग सत्त्याण्णव. त्याच्या खाली सूचना : या पिचरच्या दिवशी गवत आखूड ठेवावं, चेंडू जलद सरपटेल. शॉर्टस्टॉपला चार फूट मागे उभं करावं.

मेहजबीनला ते चार फूट आठवत होते. दोन मोसम ती तिथेच उभी राहत होती.

आणि सगळ्यात खाली अंदाज. सहावा मोसम, अपेक्षित जोड्या : तेहतीस. सातवा मोसम, अपेक्षित जोड्या : शून्य.

ती विभागाच्या साहेबांकडे गेली. साहेब शांत होते. त्यांनी तिला तिची गोपनीयतेची सही दाखवली, मोसम चालू असताना कच्चा अंदाज खेळाडूला सांगणं कसं गुन्ह्यात बसतं ते समजावलं, आणि म्हणाले की लेखी द्या, वैद्यकीय समिती आठ दिवसांत कळवेल. तिने त्याच दिवशी अर्ज लिहिला. बावीस तारखेला पोच मिळाली. आवक क्रमांक, गोल शिक्का, तारीख, सही. आपल्या माणसाच्या हातात शिक्का मारलेली पोच पडली की त्याला वाटतं काम झालं. मेहजबीनलाही वाटलं.

दर रविवारी निशिगंधाचा फोन यायचा. ती आकडा सांगायची. सत्त्याऐंशी झाल्या, त्र्याण्णव झाल्या. मेहजबीन विचारायची, तब्येत बरी? निशिगंधा म्हणायची, एकदम. मेहजबीनला वाटायचं समितीने कळवलं असेल, उपचार चालू असतील, हिला बोलायचं नसेल. अकरा मार्च येऊन गेला, दोन वर्षं पुरी झाली. त्या दिवशी रविवार नव्हता.

नऊ एप्रिलला, मोसमातल्या शेवटच्या सामन्यात, निशिगंधाने चौतिसावी जोडी काढली. एकूण एकशे आठ. परतवाड्यात दिवाळी झाली. एकशे आठ हा शुभ आकडा, जपाच्या माळेत तेवढेच मणी, आणि कुणीतरी शोधून काढलं की बेसबॉलच्या शिवणीवर टाकेही बरोबर एकशे आठ. तुमचे अध्यक्ष स्वतः आले. त्यांनी तिला मैदानाच्या मधोमध एकशे आठ मण्यांची माळ घातली. त्यांच्या खिशात सातव्या मोसमाचं शून्य होतं.

त्या सामन्यात समोरच्या नंदुरबारच्या संघात सोनल वसावे नावाची पिचर होती. बावीस वर्षांची, बोलायला बुजरी. समारंभ संपल्यावर ती निशिगंधाजवळ आली आणि म्हणाली, “ताई, मी तुमचे व्हिडिओ बघून पहिलं बोट ढिलं सोडायला शिकले. आता तर सोडावंही लागत नाही. आपोआप सुटतं.” मागच्या मोसमात तिच्या आठ जोड्या होत्या. यंदा एकवीस. निशिगंधाने तिच्या पाठीवर थाप मारली. डाव्या हाताने.

तीन दिवसांनी मेहजबीन बसने परतवाड्याला आली. येताना पेढे आणले होते. घरात शिरताना म्हणाली, एकशे आठ हा तर ॲम्ब्युलन्सचा नंबर हाये, त्याची कायची माळ घालता? सगळे हसले. मग निशिगंधा पेढ्याच्या पुड्याची गाठ सोडायला लागली. तिला ती सुटेना. अंगठा आणि तर्जनीत दोरा धरायचा, तो निसटायचा. पुन्हा धरायचा, पुन्हा निसटायचा. मेहजबीन बघत राहिली.

“तू इंजेक्शन घेऊन राहिली ना?” तिने विचारलं.

“कायचं इंजेक्शन?”

मग मेहजबीनने सगळं सांगितलं. रकाना, तारीख, गवत, चार फूट, अर्ज. पर्समधून पोच काढून ठेवली. कमलताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. निशिगंधाने पोच उचलली नाही. शिक्क्यावरची तारीख मात्र वाचली.

“बावीस जानेवारी,” ती म्हणाली. “अन् तू मले दर रविवारी तब्येत विचारत होती.”

“मले वाटलं त्यांनी सांगितलं असंन.”

“सात हप्ते होते, मेहजबीन. सात रविवार.”

मेहजबीन उठली, पेढ्याच्या पुड्याची गाठ सोडून दिली, आणि निघून गेली.

नागपूरच्या डॉक्टरांनी निशिगंधाच्या अंगठा आणि तर्जनीत एक साधा कागद दिला आणि दुसऱ्या टोकाने हळूच ओढला. कागद निघून आला. त्यांनी तीन वेळा तेच केलं. मग नसांच्या तपासण्या. मग ते खुर्ची पुढे ओढून बसले, आणि महिन्याभरापूर्वी आला असतात तर, असं म्हणून थांबले. कमलताईंनी विचारलं की संवेदना तर होती, मी स्वतः कापूस फिरवून पाहिला होता. डॉक्टर म्हणाले, “ताई, शेवटपर्यंत राहील.” परतीच्या वाटेवर कमलताईंनी पोरीचा पंजा मांडीवर घेतला तो परतवाडा येईपर्यंत सोडला नाही.

निशिगंधाने अर्ज केला, स्मरणपत्र दिलं, आणि बारा जूनला तुम्ही तिला सुनावणीला बोलावलंत. सोबत कमलताई. दरवाजाबाहेर गुल्हाने सर आधीच येऊन उभे होते. गुन्हेगारासारखे. त्यांनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्याजवळचा खड्डा चोळायला लागले, आखाड्यात चोळतात तसा, जोर लावून. तीन मोसमांत पहिल्यांदा. तिने चोळू दिला. सगळं जाणवत होतं तिला.

थोड्या वेळाने मेहजबीन आली. तिने त्या सकाळीच राजीनामा दिला होता. निशिगंधा बाकावर थोडी सरकली. मेहजबीन शेजारी बसली आणि तिच्या जर्सीचं वरचं बटण उघडं होतं ते लावून दिलं.

आत तुम्ही तिघं होतात. तुम्ही म्हणालात की वैद्यकीय निदान करणं तुमच्या अधिकारकक्षेत येत नाही. ती नोंद खेळाच्या नियोजनापुरती होती. मेहजबीनचा अर्ज मिळाला आहे, नाकारत नाही, सदर अर्ज समितीपुढे विचाराधीन आहे. करारनाम्याच्या अमुक पानावर चेंडूतून मिळालेली सगळी माहिती लीगच्या मालकीची असल्याचं लिहिलंय, खाली निशिगंधाची सही आहे.

“ती सही मी या हाताने केली होती,” निशिगंधा म्हणाली. “तेव्हा येत होती.”

मग तुम्ही आवाज मऊ केलात. परतवाड्याला तिच्या नावाची अकादमी काढू म्हणालात. तिच्या पद्धतीने, तर्जनी ढिली सोडून, नव्या मुलींना शिकवता येईल. जोड्यांचा विक्रम भिंतीवर कोरू. तिने ते सगळं ऐकून घेतलं. तिला स्वतःसाठी काही मागायचंच नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं नाही. तिच्यासाठी देण्यासारखं तुमच्याकडे उरलं काय होतं?

तिने सोनल वसावेचं नाव घेतलं.

आठवरून एकवीस. तोच उतार, तीच फिरकी. आपोआप सुटतं, असं ती पोरगी स्वतः म्हणाली होती. ती निशिगंधाची नक्कल असेल. तिच्या हाताला काहीही झालेलं नसेल, देव करो आणि तसंच असो. किंवा झालं असेल. निशिगंधाने तिला फोन करून डॉक्टरकडे पाठवलं होतं. डॉक्टरांना काही दिसलं नाही. इतक्या लवकर दिसतच नाही. दीड वर्षाने या म्हणाले, तोवर जे गेलं ते गेलं. निव्वळ संशयावर औषध देता येत नाही, कारण निरोगी माणसाला दिलं तर ते चांगल्या नसा जाळतं. आज, आत्ता, सोनलच्या हातात काय चाललंय हे जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. तुमच्या रकान्यात.

“तिच्या नावापुढे किती टक्के आहे?” निशिगंधाने विचारलं.

मधल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला. इतर खेळाडूंची माहिती गोपनीय असते म्हणाले.

“माझी पण होती.”

साहेबांनी फाइल मिटली. निशिगंधाने टेबलावरचा कागद ओढला, पेन डाव्या हातात धरलं, आणि पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली. पाच मिनिटं लागली. ती लिहून होईपर्यंत कुणाची उठायची हिंमत झाली नाही. मग तिने कागद पुढे सरकवला आणि पोच मागितली. शिपायाने शिक्का मारला. त्या कागदाची पोच मेहजबीनकडे आहे, आधीच्या पोचेशेजारी.

अकादमीच्या कोनशिलेला फुलं वाहून झाली. गवत नंदुरबारलाही आखूड कापलंय, काल तिथून कुणीतरी सांगितलं. सोनल वसावे रोज सकाळी साडेपाचला तुमचा चेंडू हातात घेते, शंभर वेळा टाकते, आणि शंभर वेळा तो चेंडू तुम्हाला काहीतरी सांगतो. निशिगंधाच्या वेळी सातशे तीस दिवस होते, ते तुम्ही खाल्ले. या पोरीचे अजून मोजायचे आहेत. कधीपासून मोजायचे हे फक्त तुम्हाला माहीत आहे.

म्हणून त्या कागदावरची ओळ पुन्हा एकदा, इथे, सगळ्यांसमोर : सोनल वसावेच्या नावापुढे काय लिहिलंय, आणि कोणत्या तारखेला?

उत्तर द्या.